दीड वीत बाहेर

डावं

फळीवर नवी मूठ बसवलेली होती.

शुक्रवारची दुपार. दस्तगीरभाई नमाजाला गेला होता. उद्यमनगरातल्या त्याच्या वर्कशॉपचं शटर मी डाव्या हातानं वर केलं, गाडीवरचं गोणपाट ओढलं आणि तिथंच उकिडवा बसलो.

गाडी म्हणजे साडेतीनशेची बुलेट. तिच्या डाव्या अंगाला जोडलेला एक पत्रा, जमिनीपासून वीतभर उंच, आणि पत्र्याच्या पलीकडं तिसरं चाक. त्या पत्र्याला आम्ही फळी म्हणायचो. फळीवर बसायला काही नसतं. धरायला दोन मुठी असतात, वाकवलेल्या नळीच्या. हँडल भाईच्या हातात, मुठी माझ्या. डावं वळण आलं की तिसरं चाक उचलायला बघतं. ते दाबून ठेवायला मी उजव्या हातानं आतली मूठ धरायचो आणि सगळा बाहेर लटकायचो, खांदा रस्त्यापासून चार बोटं वर. उजवं वळण आलं की झटक्यात भाईच्या पाठीमागं, मागच्या चाकावर. सरळ रस्त्याला पालथा, वाऱ्याला अंग दिसता कामा नये. भाई गाडी पळवायचा, वळवायचो मी. नाव मात्र त्याचं व्हायचं. मला सगळे पोतं म्हणायचे. एकट्यानं गाडी फिरवायची झाली तर फळीवर वाळूचं पोतं बांधतात, म्हणून.

मूठ माणसाच्या मापाची असते, सदऱ्यासारखी. चार वर्षांपूर्वी भाईनं मला फळीवर निजवून, लटकवून, खडूनं खुणा केल्या होत्या आणि मग वेल्डिंग मारलं होतं. त्या मुठीवर दुसरा कुणी लटकला तर तो एक तर पोचणार नाही, नाही तर रस्त्याला घासेल.

माझी मूठ जागेवर होती. नवी तिच्या बाहेरच्या अंगाला होती. मी वीत टाकून मोजलं. दीड वीत बाहेर. आणि केवढी! तांब्याच्या तोंडाएवढी रुंद, वर सायकलच्या ट्यूबचे तीन वेढे.

मूठ दीड वीत बाहेर, म्हणजे माणूस आखूड हातांचा. रुंद, म्हणजे पंजा जाड.

असा माणूस मला माहीत होता. भाईचा मेव्हणा निसार. पाच फूट उंची, ऐरणीवर घण मारून मारून जाड झालेले पंजे.

मी गोणपाट पुन्हा होतं तसं टाकलं.

सरळ

मोटारसायकल क्लबच्या स्मरणिकेसाठी एक छापील कागद आलाय. नाव : भूपाल मगदूम. वय : एकाहत्तर. व्यवसाय : फाउंड्री, आता निवृत्त. कारकीर्द (पाच ओळींत) :

१९७४. चौथे.
१९७५. गाडी पेटली. आम्ही नाही.
१९७६. तिसरे.
१९७७. तिसरे.

पाचवी ओळ अठ्ठ्याहत्तरची. ती ओळीत बसत नाही. म्हणून इथं लिहितोय, वळणावळणानं, कारण मला ते तसंच आठवतं.

उजवं

त्या शुक्रवारच्या चार दिवस आधी फाउंड्रीत साच्याची पेटी माझ्या उजव्या मनगटावर आली होती. आवाज झाला. पेटीचा नव्हे, आतला.

शर्यतीला बारा दिवस होते. मद्रासच्या अलीकडं, लढाईच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर. पुढच्या वर्षापासून तीनचाकी गाड्यांची शर्यतच बंद होणार, असं सगळीकडं बोललं जात होतं. आणि चार वर्षांत पहिल्यांदा आमची गाडी जिंकण्याच्या लायकीची झाली होती. मी डॉक्टरकडं गेलो असतो तर त्यानं प्लास्टर घातलं असतं. प्लास्टर घातलेलं पोतं कुणी फळीवर घेत नाही. म्हणून मी एसटीनं कागलच्या पुढं एका हाडवैद्याकडं गेलो. त्यानं तेल चोळलं, चामड्याचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "महिनाभर घागर उचलू नको."

"मोटारसायकल?"

"ती कोण उचलतंय?"

पट्टा सदऱ्याच्या बाहीत लपायचा. मूठ मिटायची, पण मिटून राहायची नाही. दहा आकडे मोजेपर्यंत धरायची, मग बोटं आपोआप सैल व्हायची. घरी गजाला धरून मी रोज मोजायचो. आठ. दहा. नऊ.

त्या शुक्रवारी संध्याकाळी भाईकडं जेवायला बसलो. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे भाभींना पाठ होतं. माझ्यासाठी त्यांनी एक पातेलं वेगळं ठेवलं होतं, त्यात दुसरं काही शिजवायच्या नाहीत. वर्कशॉप चालू असलं तरी साडेपाचला हाक यायची, "भूपालभाऊ, सूर्य चाललाय!"

त्या दिवशी भाकरी होती. भाकरीचा तुकडा मोडायला मनगट लागतं. मी पहिला तुकडा मोडला आणि माझ्या कपाळाला घाम आला.

"तिखट झालं काय?" भाभी म्हणाल्या.

"थोडं."

"आमटी अजून वाढलीच नाही की."

भाई मान खाली घालून जेवत होता. हात धुताना त्यानं विचारलं, "भूपाल, काही सांगायचंय?"

मला वाटलं, निसारचं मीच काढावं म्हणून हा वाट बघतोय. मीच म्हणावं, भाई, यंदा त्याला बसव.

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

सरळ

गाडी गुळाच्या ट्रकमध्ये चढवली. भेल्यांच्या मधोमध तिला उभी बांधली. बरोबर भाई, मी आणि निसार. निसार आजवर कधी शर्यतीला आला नव्हता. त्याच्या पिशवीतून चामड्याच्या सूटची बाही लोंबत होती. भाईचा सूट तपकिरी, माझा काळा. ही बाही निळी होती.

"तू कशाला येतोयस रे?" मी विचारलं.

"मद्रास बघायला."

"सूट घालून?"

"समुद्रावर वारा असतोय म्हणं." तो दात काढून हसला. "तुझं काय जातंय, पोत्या? पोत्यानं गप पडावं. पोतं भिजलं तर जड होतंय, बोललं तर आणखी जड होतंय."

तीन दिवसांच्या वाटेवर रोज पाचच्या सुमाराला भाई ट्रक थांबवायला लावायचा. ड्रायव्हर कुरकुरायचा. भाई म्हणायचा, "आमच्या गड्याचा सूर्य चाललाय." आणि हॉटेलात बसलं की कुणाला न विचारता सांगायचा, "तीन दहीभात."

पहिल्या दिवशी निसारनं तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यानं ताट ढकललं.

"मला परोटा पाहिजे."

"दहीभात खा."

"मी काय आजारी हाय?"

"सगळ्यांनी तेच खायचं."

"ही शर्यत हाय का सासुरवास?"

मी मात्र खूश होतो. दहीभाताला मनगट लागत नाही. दैव आपल्या बाजूनं आहे, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडेच्या एका विहिरीवर आंघोळीला उतरलो. भाईनं सदरा काढला. त्याच्या उजव्या कोपराच्या आत, जिथं हात दुमडतो तिथं, काळंनिळं झालं होतं. वळच उठला होता, बांगडीसारखा गोल.

"हे काय?"

"गाडी उतरवताना लागलं."

गाडी अजून ट्रकमध्येच होती. पण माझ्या डोक्यात निसारच्या निळ्या बाहीशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. मी विचारलं नाही. अंग पुसता पुसता भाईनंच विचारलं, "भूपाल, काही सांगायचंय?"

"नाही. तुला?"

त्यानं ओला पंचा खांद्यावर टाकला.

"नवी मूठ बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"माझी जुनी आहे की."

"व्हय," भाई म्हणाला. "जुनी आहेच. नवी असू दे तिथं."

मी मनात शपथ घेतली : त्या मुठीला बोट लावायचं नाही. ज्याची आहे त्यानं धरावी.

डावं

आठ फेऱ्या. एका फेरीत डावी वळणं तीन, उजवी दोन. वळणांवर टायरचे ढीग आणि पेंढ्याचे भारे. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. तपासणीच्या डॉक्टरनं माझे डोळे बघितले, जीभ बघितली. हात कुणी बघितला नाही.

आम्ही दुसऱ्या रांगेत. शेजारी बंगळूरची जोडी. कडेला टायरच्या ढिगावर निसार. उन्हाच्या तडाख्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा सूट, आणि तोंड भाजलेल्या वांग्यासारखं.

आमच्यात एक रीत होती. गाडीवर बसल्यावर भाई मागं बघायचा नाही. पोतं आहे की नाही हे चाकाला कळतं, डोळ्यानं बघायचं नसतं. मागं वळून बघणं म्हणजे विश्वास नाही असं सांगणं. चार वर्षांत त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. गाडी पेटली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा त्यानं फक्त ओरडून विचारलं होतं, "उतरलास का?"

त्या दिवशीही त्यानं मागं बघितलं नाही. समोर बघत, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला,

"भूपाल! काही सांगायचंय?"

निसार ढिगावरून उठून उभा राहिला.

"नाही!"

"बरं!"

झेंडा पडला.

पहिली फेरी. डावं. मी बाहेर गेलो. मुठीवर मूठ. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आत. वळण सहा आकड्यांचं होतं. माझ्याकडं नऊ होते.

दुसरी फेरी. सहा. सहा. सहा. उजव्या वळणाला डावा हात पुरायचा, तेवढीच विश्रांती.

तिसरी. आता माझ्याकडं आठ होते. आम्ही चौथ्यावरून तिसरे झालो.

चौथी. सात. कडेला निळा सूट दिसला, उड्या मारताना. मला वाटलं, मी पडावं म्हणून वाट बघतोय.

पाचव्या फेरीचं पहिलं डावं वळण. आम्ही दुसरे होतो आणि बंगळूरवाले हाताच्या अंतरावर. मागून आणखी एक गाडी येत होती. तिचा आवाज माझ्या डोक्याच्या अगदी मागं.

एक.

दोन.

तीन.

चार.

हात उघडला. मी उघडला नाही. तो उघडला.

बोटांतून नळी निसटताना मला कळली. पाय फळीवर होते, बाकी सगळा मी हवेत. डांबरातला एकेक खडा दिसला. मागच्या गाडीचं पुढचं चाक दिसलं. मला कुणाचीही आठवण आली नाही. एवढंच आलं मनात, की भाईला आता मागं बघावं लागणार.

आणि मी थांबलो.

हात घसरत बाहेर आला होता आणि नव्या मुठीतून आरपार गेला होता. तांब्याच्या तोंडाएवढ्या रुंद मुठीतून पंजा गेला, पट्टा बांधलेलं मनगट गेलं, आणि कोपर दुमडून अडकलं. ट्यूबचे तीन वेढे कोपराच्या खोबणीत रुतले. काहीच दुखलं नाही. मी लटकलो होतो. खांदा रस्त्यापासून चार बोटं वर. रोज असायचा तेवढाच. तीन नाही, पाच नाही.

आखूड हातांच्या माणसाच्या मुठीवर माझा खांदा रस्त्याला घासायला हवा होता.

तो घासला नाही.

पाच. सहा. आत.

मला फळीवर रडायला आलं. चष्म्याच्या आत पाणी साचलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. उजवं वळण आलं, मी भाईच्या पाठीमागं गेलो. त्याची पाठ हातभर अंतरावर होती. त्यानं मागं बघितलं नाही. फक्त पुढच्या डाव्या वळणाच्या आधी गाडी नेहमीपेक्षा एक क्षण उशिरा कलती केली. मुठीत हात घालण्यापेक्षा कोपर अडकवायला जेवढा जास्त वेळ लागतो, तेवढाच.

त्यानंतर डावी वळणं अकरा होती. अकराही वेळा त्यानं तेवढाच क्षण दिला.

सरळ

आम्ही दुसरे आलो. पहिले बंगळूरवाले. मध्ये एका गाडीचं अंतर, फार तर दीड.

गाडी थांबली तरी मला कोपर सोडवता येईना. निसारनं येऊन ते सोडवलं. मग लांब जाऊन त्यानं तो निळा सूट काढला आणि टायरच्या ढिगावर बनियनवर बसून राहिला.

भाई दोन ग्लास चहा घेऊन आला. मी हात पुढं केला. उजवा. सवयीनं.

"डाव्या हातानं घे," भाई म्हणाला.

मी डाव्या हातानं घेतला.

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी तोंड उघडलं.

"भाई—"

"गरम आहे," तो म्हणाला. "फुंकून पी."

तीनचाकींची शर्यत खरंच बंद झाली. ती आमची शेवटची. मनगट पुढं चार महिने प्लास्टरमध्ये होतं आणि आजही ते पुरतं वळत नाही. भाई आणि मी त्यानंतर छत्तीस वर्षं रोज नाही तरी दिवसाआड भेटत होतो. त्या मुठीचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. त्याला तो नको होता, एवढं मला कळत होतं.

उजवं

भाई वारल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. माणसं पुष्कळ होती. साडेपाचला भाभींनी मला आत बोलावलं. आता त्यांना नीट दिसत नव्हतं. माझ्यापुढं त्यांनी ते वेगळं पातेलं ठेवलं.

दहीभात होता.

निसार शेजारी येऊन टेकला. तोही म्हातारा झालेला, घणानं खांदा गेलेला.

"खा, पोत्या," तो म्हणाला. "मला अजून दह्याचा वास सहन होत न्हाई, तुझ्यामुळं."

"निसार, ती मूठ कुणी केली?"

"मी वाकवली. माप भाईनं दिलं."

"माझं माप? माझ्या हाताचं? मला निजवलं नव्हतं त्यानं."

"तुझ्या सदऱ्यावरनं घेतलं. वर्कशॉपात खुंटीला तुझा जुना सदरा असायचा. त्याची बाही पसरून कोपरापासनं पुढं मोजलं. मूठ मिटलेली धरून दीड वीत भरलं."

मी घास ताटात ठेवला.

"त्याला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. पाना डाव्या हातानं दिलास म्हणं." निसारनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "आणि ऐक. मूठ करून झाली तर भाई म्हणाला, ही धरतीय का न्हाई कसं कळणार? मी म्हणालो, पोतं बांधून बघू. तर म्हणाला, पोत्याला कोपर असतंय का? पहाटं साखर कारखान्याच्या रस्त्याला गेलो. त्यानं आपला उजवा पंजा फडक्यानं गच्च बांधून घेतला, म्हणजे चुकूनसुद्धा धरता येऊ नये. आणि आडवा झाला की फळीवर! मला म्हणाला, चालव. मी आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी चालवली, भूपाल. सात डावी वळणं. मागं बघायचं न्हाई, असं त्यानं आधीच बजावलं होतं."

विहिरीवर बघितलेला तो गोल वळ.

"बघितलंस?"

"दर वळणाला. मी काय भाई हाय?"

"आणि निळा सूट?"

"तो माझाच. भाड्यानं आणलेला. तू 'व्हय' म्हणाला असतास तर मी बसणार होतो तिथं. तीन दिवस दहीभात खात अल्लाला म्हणत होतो, हा 'न्हाई' म्हणू दे. झेंड्याच्या वेळी तू 'न्हाई' ओरडलास तेव्हा मला एवढं बरं वाटलं! आणि मग एवढी लाज वाटली, की पुढच्या आठ फेऱ्या मी खाली बसलो न्हाई."

"मग मला सांगितलं का नाही त्यानं? सरळ सांगायचं, की बाबा, मला माहीत आहे, ही तुझ्या कोपरासाठी आहे."

निसार छत्तीस वर्षांचं ओझं उतरवल्यासारखा हसला.

"सांगितलं असतं तर त्याला 'बसू नको' म्हणावं लागलं असतं. आणि तू तरी कुठं सांगितलंस?"

आतून भाभींचा आवाज आला, "भूपालभाऊ, खाल्लं का? सूर्य चाललाय."

सरळ

बुलेट कधीच विकली गेली होती. फळी वर्कशॉपच्या मागं भंगारात गंजत पडली होती. निसारनं दुसऱ्या दिवशी नवी मूठ कापून आणून दिली. ट्यूबचे वेढे कडक होऊन तडकले होते, ते मी काढले नाहीत.

ती मी आमच्या न्हाणीघरात भिंतीला पक्की करून घेतली आहे. गवंड्यानं विचारलं, "आजोबा, एवढ्या खाली? आणि एवढी रुंद कशाला? बाजारात छान स्टीलच्या मिळतात." मी म्हणालो, जिथं खूण केलीय तिथंच लाव. सुनेला वाटतं, म्हातारपणाचा आधार म्हणून लावलीय.

रोज सकाळी आंघोळ झाली की स्टुलावरून उठतो. मूठ धरत नाही. हात आरपार घालतो, कोपर अडकवतो, आणि मागं न बघता उभा राहतो.